सिम्बॉल सर्व्हर : उभारणी आणि देखभाल

मागच्या व्याख्यानात क्रॅश डंप म्हणजे काय आणि तो डीबगरमध्ये कसा उघडायचा हे आपण पाहिलं. त्यानंतर तुमच्याकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "डंप उघडतो, पण फंक्शनची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. आमचं काय चुकतंय?" डंप उघडण्यात तुमचं काहीच चुकत नाहीये. चूक झाली असेल तर ती बरीच आधी झालेली असते, बिल्ड झाली त्या दिवशी. आजचा विषय तोच आहे : डीबगिंगच्या फाइली जपून ठेवणारा सर्व्हर, म्हणजे सिम्बॉल सर्व्हर.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे हा खटाटोप कशासाठी ते कळेल. आम्ही एका पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. ३१ मार्चची रात्र, वर्षअखेरीचं व्याज जमा करायचं काम सुरू, आणि प्रोग्राम मध्येच बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा त्याच जागी बंद. तिथल्या क्लार्कचा फोन आला, "सर, सकाळी ठेवीदार पासबुक घेऊन येतील. त्यांना काय सांगू?" डंप आमच्याकडे दहा मिनिटांत पोचला. उघडला, तर स्टॅकवर सगळे पत्ते, एकही नाव नाही. पतसंस्थेत चालू होती ती आवृत्ती दोन वर्षं जुनी होती, आणि तिच्या सिम्बॉल फाइली आम्हीच तीन महिन्यांपूर्वी डिस्क भरली म्हणून उडवल्या होत्या. कारण सापडायला चार दिवस लागले. बंद केलेल्या एका खात्याची रिकामी राहिलेली नोंद, एवढंच कारण होतं. तोपर्यंत तिथली माणसं हाताने व्याज काढत बसली. फाइल असती तर चुकीची ओळ पंधरा मिनिटांत समोर आली असती.

या फाइलीत असतं काय?

आपण कोड लिहितो तेव्हा फंक्शनला नाव असतं, व्हेरिएबलला नाव असतं, ओळीला क्रमांक असतो. कंपायलर आणि लिंकर यातून जी एक्झी किंवा डीएलएल बनवतात, तिला चालण्यासाठी या नावांची गरज नसते. तिच्यात मशीनच्या सूचना आणि पत्ते उरतात. कोणता पत्ता म्हणजे कोणतं फंक्शन, कोणत्या फाइलीतली कितवी ओळ, हा सगळा तपशील विंडोजवर वेगळ्या फाइलीत जातो. ती पीडीबी. लिनक्सवर हाच तपशील ड्वार्फ नावाच्या स्वरूपात, मूळ ईएलएफ फाइलीच्याच काही विभागांत असतो, आणि तो काढून वेगळ्या फाइलीत ठेवता येतो.

गावाकडचं उदाहरण घ्या. डंप आपल्याला फक्त गट नंबर सांगतो. त्या गटाचा मालक कोण, पीक काय, हे सातबाऱ्यावर असतं. पीडीबी म्हणजे आपला सातबारा. पण यात एक मेख आहे. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. आता नवा गट नंबर घेऊन जुनी वही उघडलीत तर त्या आकड्यासमोर नाव सापडेलही, पण ते भलत्याच माणसाचं असेल. सिम्बॉलचंही तसंच. दुसऱ्या बिल्डची पीडीबी लावली तर नावं दिसतील, आणि ती खोटी असतील. नावं न दिसण्यापेक्षा खोटी नावं दिसणं जास्त वाईट, कारण त्यांच्या मागे आपण दिवसच्या दिवस घालवतो.

जोडी जुळते कशी?

म्हणून डीबगर फाइलीच्या नावावर किंवा तारखेवर विश्वास ठेवत नाही. लिंकर प्रत्येक पीडीबीला १२८ बिटांचा एक ओळख क्रमांक देतो, त्याला जीयूआयडी म्हणतात. सोबत 'एज' नावाचा एक छोटा आकडा असतो. हीच जोडी एक्झीच्या आतही लिहिलेली असते. दोन्हीकडे तीच जोडी असेल तरच फाइल त्या बिल्डची.

आता यातून निघणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. तोच कोड, तोच कंपायलर घेऊन उद्या पुन्हा बिल्ड केलीत, तरी साधारणपणे जीयूआयडी नवा येतो. डिटर्मिनिस्टिक बिल्डची सोय आधीपासून चालू ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कंपायलरची नेमकी तीच आवृत्ती आणि सगळ्या सेटिंग तशाच लागतात. "सोर्स आहे ना आपल्याकडे, लागली तर पीडीबी परत बनवू," असं आम्हीही म्हणायचो. तसं होत नाही. त्या बिल्डची पीडीबी त्या दिवशी एकदाच जन्माला येते.

पीडीबीबरोबर एक्झी आणि डीएलएल पण सर्व्हरवर ठेवायच्या. त्यांची ओळख वेगळी असते : हेडरमधला टाइमस्टॅम्प आणि मेमरीतला आकार मिळून त्यांचा क्रमांक बनतो. त्या कशाला ठेवायच्या? कारण छोट्या डंपमध्ये, म्हणजे मिनीडंपमध्ये, प्रोग्रामचा कोड सहसा नसतो. आणि ६४ बिटांच्या विंडोजवर स्टॅक मागे कसा उलगडायचा याची माहिती पीडीबीत नसून एक्झी-डीएलएलमध्येच असते. ती नसेल तर पीडीबी बरोबर असूनही स्टॅक अर्ध्यावर तुटतो. पहिल्या वर्षी आम्ही फक्त पीडीबी ठेवल्या, आणि तुटके स्टॅक बघत बसलो.

उभारणी

सर्व्हर म्हटल्यावर काहीतरी मोठं यंत्र डोळ्यापुढे येतं. प्रत्यक्षात सिम्बॉल सर्व्हर म्हणजे ठरावीक पद्धतीने लावलेली फोल्डरं. वर फाइलीच्या नावाचं फोल्डर, त्यात जीयूआयडी आणि एज सलग लिहून बनलेलं फोल्डर, आणि त्याच्या आत ती फाइल. डीबगर डंपमधून क्रमांक वाचतो, त्यावरून पत्ता तयार करतो आणि सरळ ती फाइल मागतो. शोधाशोध नाही, डेटाबेस नाही.

फोल्डरं हाताने बनवायची नाहीत. विंडोज एसडीकेमध्ये डीबगिंग टूल्स येतात, त्यात सिमस्टोअर नावाचा कमांड लाइन प्रोग्राम असतो. त्याला 'ॲड' म्हणायचं आणि काही स्विच द्यायचे : एफ म्हणजे कोणत्या फाइली, आर म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, एस म्हणजे कोणत्या साठ्यात, टी म्हणजे प्रॉडक्टचं नाव, व्ही म्हणजे आवृत्ती, सी म्हणजे शेरा. प्रॉडक्टचं नाव द्यावंच लागतं. आवृत्ती आणि शेरा ऐच्छिक आहेत, पण ते कधीही रिकामे सोडू नका. का, ते पुढे साफसफाईच्या वेळी कळेल. 'कॉम्प्रेस' स्विच दिला तर फाइली आवळून ठेवल्या जातात. जागा वाचते आणि नेटवर्कवरून फाइल लवकर येते.

सिमस्टोअर साठ्यात एक खास फोल्डर बनवतो. त्याचं नाव तीन शून्यं आणि पुढे ॲडमिन. प्रत्येक 'ॲड' म्हणजे एक व्यवहार, त्याला दहा अंकी क्रमांक मिळतो आणि त्या व्यवहारात कोणत्या फाइली आल्या याची यादी इथे राहते. 'सर्व्हर' नावाच्या टेक्स्ट फाइलीत आज साठ्यात असलेले व्यवहार दिसतात, आणि 'हिस्टरी'मध्ये आजवरचे सगळे, काढून टाकलेले सुद्धा. दुकानाची रोजकीर्दच म्हणा ना.

कीर्द एकानेच लिहायची असते. सिमस्टोअर एका वेळी अनेकांनी केलेले व्यवहार सांभाळू शकत नाही, आणि मायक्रोसॉफ्टची सूचनाही हीच आहे की ॲड आणि डिलीट एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावं. आमच्याकडे दोन बिल्ड मशीन एकाच वेळी लिहायला गेल्या आणि नोंदी एकमेकांत मिसळल्या. तेव्हापासून बिल्ड मशीन फक्त फाइली एका 'आवक' फोल्डरमध्ये टाकतात आणि एकच जॉब त्या रांगेने आत घेतो. लिहिण्याचा हक्क फक्त त्या जॉबच्या खात्याला. बाकी सगळ्यांना फक्त वाचायचा.

साठा नेटवर्क शेअरवर ठेवला तरी चालतो. टीम दोन-तीन शहरांत असेल तर एचटीटीपीएसवरून द्या. आयआयएस वापरत असाल तर एक खोच लक्षात ठेवा : अनोळखी एक्स्टेन्शनची फाइल आयआयएस देतच नाही, '४०४' सांगतो. फाइल डोळ्यांसमोर असते आणि डीबगर म्हणतो सापडली नाही. त्यासाठी साठ्यातल्या सगळ्या एक्स्टेन्शनना माइम टाइप नेमून द्यावा लागतो. आवळलेल्या फाइलींच्या नावाचं शेवटचं अक्षर बदलून तिथे अंडरस्कोअर येतो, त्यांनाही हे लागू आहे.

डेव्हलपरच्या मशीनवर

डीबगरला पत्ता सांगण्यासाठी अंडरस्कोअर एनटी अंडरस्कोअर सिम्बॉल अंडरस्कोअर पाथ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं. त्यात लिहायचं : एसआरव्ही, मग तारका, मग आपल्या मशीनवरचं कॅश फोल्डर, पुन्हा तारका, मग सर्व्हरचा पत्ता. विंडोजच्या स्वतःच्या डीएलएलसाठी मायक्रोसॉफ्टचा सार्वजनिक सिम्बॉल सर्व्हर आहे, तोही जोडून घ्या.

इथे बरेच जण एक चूक करतात. आधी कॅश, मग टीमचा साठा, मग मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर, अशी एकच लांब साखळी लावतात. साखळीचा नियम असा की शेवटी सापडलेली फाइल वाटेतल्या साठ्यांतही उतरवली जाते. टीमच्या साठ्यात लिहिण्याचा हक्क असेल तर मायक्रोसॉफ्टच्या फाइली तिथे येऊन पडतात, त्याही कीर्दीत नोंद न होता. सहा महिन्यांनी साठा फुगलेला दिसतो आणि कोणी भरला ते सापडत नाही. म्हणून दोन वेगळे मार्ग द्या, मध्ये अर्धविराम : एक कॅश आणि टीमचा साठा, दुसरा कॅश आणि मायक्रोसॉफ्टचा. टीमचा आधी लिहा. आपल्या साठ्यात एखादी फाइल नसेल तर तिचं नाव पुढच्या सर्व्हरला विचारलं जातं. म्हणजे गुप्त प्रकल्पाच्या डीएलएलचं नाव उगाच बाहेर जातं. हे चालणार नसेल तर त्या कामासाठी बाहेरचा मार्ग काढून टाका.

जुळणी होत नसेल तर विनडीबीजीमध्ये 'सिम नॉइझी' चालू करा आणि मग 'रीलोड' करा. डीबगर कुठे कुठे गेला, कोणता क्रमांक मागितला, काय उत्तर मिळालं, सगळं ओळीने दिसतं. अंदाज करण्याआधी हे वाचायची सवय लावा.

कधी ठेवायच्या?

बिल्ड झाल्यावर लगेच, बिल्डचाच एक भाग म्हणून. "रिलीज झाली की कोणीतरी कॉपी करेल," यातला 'कोणीतरी' कधी येत नाही. आमचा नियम : सिम्बॉल साठ्यात गेले नाहीत तर बिल्ड नापास. इन्स्टॉलर बनलाच नाही पाहिजे. सुरुवातीला लोक कुरकुरले, महिन्याभरात सवय झाली.

त्याच्या आधीची एक पायरी आहे. फंक्शनचं नाव कळलं तरी त्या दिवशीचा सोर्स समोर हवा. त्यासाठी पीडीबीत सोर्सचा पत्ता नोंदवता येतो. गिट वापरत असाल तर सोर्स लिंकची सोय आहे, जी नेमक्या कमिटचा पत्ता पीडीबीत लिहून ठेवते. पुढे रिपॉझिटरी दुसरीकडे हलवली तर हे पत्ते तुटतात, म्हणून हलवताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय ठेवा.

साफसफाई : खरी परीक्षा

उभारणी एका दिवसाची, देखभाल कायमची. पीडीबी मोठ्या असतात, रोज बिल्ड होते, डिस्क भरणारच. आणि डिस्क भरते ती नेमकी शुक्रवारी संध्याकाळी. मग कोणीतरी घाईत '९० दिवसांपेक्षा जुनं ते काढा' अशी स्क्रिप्ट चालवतं. आमची ३१ मार्चची फजिती अशीच झाली.

कॅलेंडरला ग्राहक माहीत नसतो. काल रात्रीची बिल्ड कोणीच वापरत नाही, ती महिन्याभरात गेली तरी चालेल. दोन वर्षं जुनी रिलीज मात्र चाळीस शाखांमध्ये चालू असू शकते. म्हणून दोन साठे करा. एक रोजच्या बिल्डचा, त्याला मुदत. दुसरा रिलीजचा, त्यातून तारखेच्या हिशेबाने काहीही काढायचं नाही. काढायचं तर एकाच प्रश्नावर : ही आवृत्ती आज कुठल्याही ग्राहकाकडे चालू आहे का? त्याचं उत्तर डिस्क सांभाळणाऱ्याकडे नसतं, सपोर्टच्या माणसांकडे असतं. त्यांची सही झाल्याशिवाय डिलीट नाही.

काढायची पद्धतही महत्त्वाची. फाइल एक्स्प्लोररमध्ये जाऊन फोल्डर उडवू नका. तीच फाइल दोन व्यवहारांत असू शकते, समजा एक सामायिक डीएलएल दोन प्रॉडक्टमध्ये जाते. सिमस्टोअर अशा फाइलीला कोणकोणत्या व्यवहारांचा आधार आहे हे लिहून ठेवतो, आणि व्यवहार क्रमांक देऊन 'डेल' केलं तर दुसऱ्या व्यवहाराला लागणारी फाइल राहू देतो. इथे तो शेरा आणि आवृत्ती कामाला येतात. त्या रिकाम्या असतील तर दहा अंकी क्रमांकांच्या यादीकडे नुसतं बघत बसावं लागतं.

एजस्टोअर नावाचं एक साधन आहे, ते फाइल शेवटची कधी वापरली यावरून साफसफाई करतं. डेव्हलपरच्या कॅशसाठी ठीक आहे, मुख्य साठ्यावर नको. शेवटच्या वापराची नोंद अनेक विंडोज मशीनवर बंदच असते. शिवाय सिम्बॉल फाइल बहुतेक काळ कोणी उघडत नाही. तिची गरज पडते तीच एकदा.

बॅकअप घेताना ॲडमिनचं फोल्डरही घ्या. आणि महिन्यातून एकदा तपासणी : ग्राहकाकडे चालू असलेली एखादी एक्झी घ्या, सिमचेक नावाच्या साधनाला द्या आणि आपल्या सर्व्हरवर तिची जोडी सापडते का बघा.

कोणाला दाखवायच्या?

पूर्ण पीडीबीत तुमच्या फाइलींचे मार्ग, लोकल व्हेरिएबलची नावं, डेटा टाइपची रचना सगळं असतं. स्पर्धकाला किंवा हल्लेखोराला आयता नकाशा. म्हणून ती बाहेर जाता कामा नये. ग्राहकाच्या टीमला किमान फंक्शनची नावं हवी असतील तर लिंकरला सांगून 'स्ट्रिप्ड' पीडीबी वेगळी बनवता येते, किंवा पीडीबीकॉपी या साधनाने खाजगी तपशील गाळता येतो. दोन्हींचा क्रमांक जुळतो, त्यामुळे दोन्ही एकाच साठ्यात ठेवू नका. एक दुसरीची जागा घेऊन बसेल.

लिनक्सवर

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे ओळख बिल्ड आयडीने होते. बहुधा तो १६० बिटांचा, म्हणजे हेक्समध्ये ४० अक्षरांचा असतो. ऑब्जकॉपीने डीबग माहिती वेगळी काढली आणि मूळ फाइल स्ट्रिप केली तरी बिल्ड आयडी दोन्हीकडे राहतो. सर्व्हर म्हणून डीबगइन्फोडी आहे, २०१९ मध्ये एल्फयूटिल्सच्या ०.१७८ आवृत्तीत तो आला. त्याला फोल्डर दाखवायचं, तो स्वतः फाइली किंवा आरपीएम-डेब पॅकेजं चाळतो, एसक्यूलाइटमध्ये सूची ठेवतो आणि पोर्ट ८००२ वर उत्तरं देतो. जीडीबीला १० व्या आवृत्तीपासून त्याच्याशी बोलता येतं. फेडोरा, डेबियन, आर्च यांचे सार्वजनिक सर्व्हर याच पद्धतीचे आहेत.

एक सापळा : 'फाइल नाही' हे उत्तरही क्लायंट काही वेळ लक्षात ठेवतो. सर्व्हर दुरुस्त झाला तरी डेव्हलपरला लगेच फरक दिसत नाही. घाबरू नका, कॅश साफ करा. आणि इथेही सर्व्हर फक्त चाळतो, जपत नाही. पॅकेज उडवलंत तर सूचीतून नोंदही जाते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : आमची तीन जणांची टीम आहे. एवढं सगळं लागतं का?
उत्तर : एक शेअर्ड फोल्डर, सिमस्टोअरची एक ओळ आणि बॅकअप, एवढं पुरे. फक्त आजपासून सुरू करा. टीम मोठी झाल्यावर मागच्या बिल्डच्या फाइली कुठून आणणार?

प्रश्न : पीडीबी इन्स्टॉलरबरोबरच ग्राहकाकडे पाठवली तर?
उत्तर : नको. डंप आपल्याकडे मागवा आणि इथे उघडा. मात्र डंपमध्ये ग्राहकाच्या मेमरीतला डेटा असतो, खातेदारांची नावं आणि रकमा सुद्धा. तो तेवढ्याच काळजीने सांभाळा आणि काम झालं की नष्ट करा.

प्रश्न : जुन्या रिलीजच्या पीडीबी हरवल्यात. आता काय?
उत्तर : बिल्डच्या वेळी लिंकरने मॅप फाइल बनवली असेल तर ती शोधा, निदान फंक्शनचं नाव निघतं. जुन्या बिल्ड मशीनची डिस्क, डेव्हलपरचे लॅपटॉप आणि कॅश धुंडाळा. आम्हाला एकदा सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर सापडली होती. काहीच नाही मिळालं तर ग्राहकाला नव्या आवृत्तीवर आणणं हाच सरळ उपाय, आणि त्या नव्या आवृत्तीचे सिम्बॉल आधी साठ्यात टाका.

आता गृहपाठ. उद्या ऑफिसला गेल्यावर सपोर्टच्या माणसाला विचारा, सगळ्यात जुनी कोणती आवृत्ती अजून ग्राहकाकडे चालू आहे? मग तिची पीडीबी आणि एक्झी आपल्याकडे आहे का ते स्वतः उघडून बघा. नसेल, तर ते मार्च उजाडायच्या आत कळलेलं बरं. पुढच्या वेळी आपण हरवलेल्या मेमरीचा शोध, म्हणजे मेमरी लीक, हा विषय घेणार आहोत.